एकही पान न उलटता

आधी एक छोटासा हिशेब करू. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत साडेचार लाखांहून जास्त शब्द आहेत. मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने कुणी ती मोठ्याने वाचायला बसलं, तर पन्नास तास लागतील. जेवणखाण आणि झोप त्यात धरलेली नाही. शिवाय शेवटी परिशिष्टं आहेतच: राजघराण्यांच्या वंशावळी, कालगणना, लिप्या, उच्चारांचे नियम. आता पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर केलेले तीन चित्रपट घ्या. थिएटरात दाखवलेल्या तिन्ही भागांची लांबी मिळून भरते सव्वानऊ तासांच्या आसपास. म्हणजे पाच तासांहून जास्त वाचन एकेका तासात बसवलंय!

खरी गंमत तर पुढेच आहे. डिसेंबर २००१मध्ये पहिला भाग लागला, तेव्हा तो बघायला गेलेल्या असंख्य लोकांनी पुस्तकाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. एल्फ कोण, ड्वार्फ कोण, मॉर्डॉर कुठे आलं, कशाचाच पत्ता नाही. तरीही तीन तासांनी बाहेर पडताना हीच मंडळी फ्रोडो या नायकाच्या काळजीने हळहळत होती आणि पुढचा भाग वर्षभराने येणार म्हणून चडफडत होती. एक अख्खं जग त्यांच्या डोक्यात उतरलं होतं. त्यांना ते कुणी शिकवलं? आणि शिकवणी चाललीय हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?

मुळात हे चित्रपट तीन झाले हेच नवल. जॅक्सन दोन भागांची योजना घेऊन फिरत होते. आधीच्या स्टुडिओला खर्च झेपेना, म्हणून सगळं एकाच चित्रपटात कोंबा असा लकडा त्याने लावला. जॅक्सन न्यू लाइन या कंपनीकडे गेले. तिथले बॉब शे यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उलटच विचारलं: पुस्तकं तीन, मग चित्रपट दोन का? तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये सलग झालं, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००. पटकथा मुख्यतः तिघांची: फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स आणि स्वतः जॅक्सन. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न वाचलेल्यांचा नव्हताच, कारण त्यांना गोष्ट पाठ होती. प्रश्न होता कोरी पाटी घेऊन येणाऱ्यांचा.

या कोऱ्या पाटीवर पहिली रेघ कशी ओढली, ते बघा.

पडदा काळा आहे. एका बाईचा आवाज येतो, आधी अनोळखी भाषेत, मग इंग्रजीत. पुढच्या काही मिनिटांत हजारो वर्षं सरतात. अंगठ्या घडतात, तीन एल्फांना, सात ड्वार्फांना, नऊ माणसांना मिळतात. सगळ्यांवर हुकूमत गाजवणारी एक अंगठी दुष्ट सॉरॉन गुपचूप घडवतो. युद्ध होतं, बोट तुटतं, अंगठी हातातून जाते, नदीत पडते, गॉलम नावाच्या प्राण्याला सापडते आणि शेवटी फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याच्या खिशात येते. पुस्तकात हा इतिहास असा सलग येत नाही. थोडा गॅन्डाल्फ हा जादूगार शेकोटीपाशी बसून सांगतो, थोडा एल्फांचा प्रमुख एल्रॉन्ड याच्या दरबारातल्या लांबलचक सभेत उलगडतो. वाचक तो शेकडो पानांतून गोळा करत जातो. प्रेक्षकाला मात्र तो दारातच हातात मिळतो.

आणि तो आवाज कुणाचा? फ्रोडोच्या आवाजात हे निवेदन करून पाहिलं होतं, गॅन्डाल्फच्याही. शेवटी निवड झाली गॅलाड्रिएल या एल्फ राणीची. का? कारण ती अमर आहे. हे सगळं घडताना ती होती. तिच्या तोंडी घातलेलं सुरुवातीचं बोलणंही पुस्तकात तिचं नाही. ते आहे ट्रीबीअर्ड या चालत्याबोलत्या वृक्षपुरुषाचं, आणि येतं पार शेवटाकडे! कोऱ्या प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नसतं. पण दोनेक तासांनी रानात ती समोर उभी राहून बोलू लागते, तेव्हा त्याच्या कानात काहीतरी लख्खकन जुळतं. ओळख कुणी करून दिलेली नसते, तरी ओळख पटते.

आता अंगठीकडे या. साधी, गुळगुळीत, सोन्याची. बघणाऱ्याला तिची भीती का वाटावी? तिची ताकद कशी दाखवणार? पुस्तकाकडे शब्द आहेत, मनातले विचार आहेत. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. म्हणून जॅक्सन यांनी एक साधीच गोष्ट केली. घर सोडून निघालेला बिल्बो मोठ्या कष्टाने तळहात तिरका करतो आणि अंगठी जमिनीवर पडते. एवढीशी चीज कशी पडायला हवी? टणकन उडून, दोन गिरक्या घेऊन, कोपऱ्यात घरंगळत. इथे ती पडते धप्पकन आणि जागची हलत नाही. तिच्या आकाराला न शोभणारा जड आवाज येतो. ती उसळू नये म्हणून त्या जमिनीत चुंबकाची योजना केली होती! एक वाक्य नाही, एक स्पष्टीकरण नाही. पण त्या आवाजासरशी तुम्हाला कळतं की या वस्तूत काहीतरी वावगं आहे, आणि ती नष्ट करायला नेण्याचं ओझं आता फ्रोडोला पेलायचंय. पुस्तकातल्या प्रसंगात बिल्बोच्या हातून अंगठीचं पाकीट पडतं आणि गॅन्डाल्फ ते झटकन उचलतो. हा जड धप्पकार खास पडद्यासाठी घडवलेला.

पुढची अडचण उंचीची. हॉबिट म्हणजे चार फुटांच्या आतली माणसं. लेखकाने हे एकदा सांगितलं की वाचक ते गृहीत धरतो. चित्रपटात ते दर चौकटीत खरं दिसायला हवं. फ्रोडो झालेला इलायजा वुड चांगला साडेपाच फुटी, आणि त्याच्या शेजारी इयन मॅकेलन यांचा गॅन्डाल्फ. काय करणार?

बिल्बोच्या घराचा सेट दोनदा बांधला. एक मोठा, ज्यात हॉबिट झालेले नट घरच्यासारखे वावरतील. दुसरा तंतोतंत तसाच पण लहान, ज्यात गॅन्डाल्फचं डोकं छताला लागेल. घरातल्या वस्तूही दोन मापांत. पुस्तकं दोनदा, कप दोनदा, खुर्च्या दोनदा, आणि दोन्हीकडचे ओरखडेसुद्धा सारखे. लांबून दिसणाऱ्या दृश्यांत ठेंगण्या बदली कलाकारांची मदत घेतली. आणि दोघं एकाच चौकटीत हवे असतील तर सरळ नजरबंदी. गाडीवर शेजारी बसलेल्या गॅन्डाल्फ आणि फ्रोडोला आठवा. ते शेजारी बसलेलेच नाहीत! फ्रोडो बराच मागे बसलाय आणि मागे बसलाय म्हणून लहान दिसतोय. गाडीची बैठकच तशी बनवलेली.

ही युक्ती छायाचित्रणाइतकीच जुनी. पण तिचं एक दुखणं आहे. कॅमेरा जरा सरकला की बिंग फुटतं, कारण जवळची वस्तू आणि लांबची वस्तू वेगवेगळ्या वेगाने सरकताना दिसतात. म्हणून अशा दृश्यांत कॅमेरा खिळून ठेवायची रीत होती. जॅक्सन यांना ते मान्य नव्हतं. दोघं चहाच्या टेबलाशी बसून बोलतायत ते दृश्य परत बघा. कॅमेरा चक्क हलतोय आणि फ्रोडो लहानच राहतोय. कसा? टेबल एक नाहीच, दोन तुकडे आहेत. जवळच्या तुकड्यावर गॅन्डाल्फ आणि बारके कप, लांबच्या तुकड्यावर फ्रोडो आणि मोठे कप. कॅमेरा सरकला की त्याच हिशेबात फ्रोडो, त्याची बैठक आणि टेबलाचा त्याच्याकडचा तुकडा असं सगळं मोजून-मापून सरकतं. दोन्ही नट एकमेकांच्या डोळ्यांत न बघता, जिथे समोरच्याचा चेहरा दिसायला हवा तिथे नजर लावून संवाद म्हणतायत. आणि आपण? आपण म्हणतो, किती छोटा आहे बिचारा! एवढा खटाटोप फक्त आपल्याला काही जाणवू नये म्हणून.

डोळ्यांची सोय झाली. पण या जगाचा नकाशा कोरा प्रेक्षक लक्षात कसा ठेवतो? पुस्तकात नकाशा छापलेला असतो. अडलं की मागे जाऊन बघता येतं. थिएटरात मागे कुठे जाणार?

इथे संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी नकाशा कानात भरून दिला. हॉबिटांचा मुलूख शायर म्हटलं की फिडल आणि टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी. गावकुसातली, निवांत सुरावट. रोहान या घोडेस्वारांच्या मुलखात नॉर्वेचं हार्डँगर फिडल वाजतं. त्याच्या वाजत्या तारांखाली आणखी तारा असतात आणि त्या आपोआप झंकारतात. शत्रूचा गड आयझनगार्ड आला की धातूवर घण पडावेत असा पाच मात्रांचा ठेका. चारांच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला तो सतत अडखळल्यासारखा, बेचैन करणारा वाटतो. अशा डझनावारी धून तिन्ही चित्रपटांत विणलेल्या आहेत. दृश्य बदलतं, पाटी झळकत नाही, कुणी गावाचं नाव घेत नाही, तरी पहिल्या चार सुरांत तुम्हाला ठाऊक असतं की आपण कुठे आलो.

त्याहून मोठी करामत अशी की या धून वाढतात आणि मोडतात. नऊ साथीदारांच्या टोळीची धून सुरुवातीला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येते. एल्रॉन्डच्या सभेत नऊ जण पुरे होतात आणि ती पहिल्यांदा भरदार वाजते. पुढे गॅन्डाल्फ दरीत कोसळतो आणि ती पुन्हा तशी उभी राहत नाही, विरते, तुटते. तिसऱ्या भागात, अंगठी जिथे नष्ट करायची त्या ज्वालामुखीच्या उतारावर फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम मरणाला टेकलेत. सॅम त्याला शायरची आठवण विचारतो आणि त्या राखेच्या रानात शायरची धून मंद बासरीवर येते. प्रेक्षकाने शायर पाहून दोन वर्षं लोटलेली असतात, पण घसा दाटून येतो. कारण आठवण जपायचं काम त्याच्या नकळत त्याच्या कानाने केलेलं असतं.

आता गॉलम. मला विचाराल तर या तिन्ही चित्रपटांतला सगळ्यात थक्क करणारा दीड-दोन मिनिटांचा तुकडा त्याचाच आहे. गॉलमच्या आत दोघं राहतात. एक अंगठीने कुजवलेला गॉलम, दुसरा कधीकाळचा साधा स्मीगॉल. पुस्तकात त्यांचं भांडण सॅमच्या कानावर पडतं. दोन वेगळे आवाज येतात, आणि आवाज बदलला की डोळ्यांतला उजेड बदलतो. कागदावर हे सुरेख जमतं. पडद्यावर?

ते दृश्य फ्रॅन वॉल्श यांनी दिग्दर्शित केलं. सुरुवातीला कॅमेरा एकाच दमात एका बाजूकडून दुसरीकडे जातो आणि त्याच चेहऱ्यावर भाव पालटतात. इथवर तो एकच प्राणी आहे. मग संकलन सुरू होतं. या बाजूने गॉलम, त्या बाजूने स्मीगॉल, पुन्हा गॉलम, पुन्हा स्मीगॉल. दोन माणसांचं संभाषण दाखवायची ही चित्रपटांची रोजची पद्धत. आपल्या मालिकांतही सासू-सुना अशाच बोलतात. तीच पद्धत एका प्राण्याला लावली आणि तो आपल्या डोळ्यांदेखत दोन झाला! काही क्षण आपण खरोखर विसरतो की तिथे एकच जण बसलाय. 'दुभंगलेलं मन' वगैरे शब्द कुणी उच्चारत नाही. सहा वर्षांच्या पोरालाही ते कळतं.

आणि तो एकच जणसुद्धा तिथे नव्हता, हे आणखी वर! नट अँडी सर्किस यांना आधी बोलावलं होतं फक्त गॉलमच्या आवाजासाठी. पण तो घोगरा आवाज काढताना त्यांचं सगळं शरीर वळायचं, आक्रसायचं. म्हणून त्यांना इतर नटांबरोबर चित्रीकरणात उतरवलं, नंतर स्टुडिओत त्यांच्या हालचाली संगणकाने टिपल्या आणि चेहरा ॲनिमेटर्सनी त्यांच्या हावभावांवरून हाताने घडवला. कातडीचंही असंच. खऱ्या कातडीवर पडलेला उजेड थोडा आत झिरपतो आणि पसरून बाहेर येतो, म्हणून माणूस प्लास्टिकचा वाटत नाही. गॉलमच्या कातडीलाही संगणकात हा गुण दिला होता.

क्रिकेटवेड्या वाचकांसाठी आणखी एक नवल. दुसऱ्या भागात हजारो उरुक-हाय सैनिक किल्ल्यासमोर गर्जना करतात. हा आवाज आणला कुठून? फेब्रुवारी २००२मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. दोन डावांच्या मधल्या वेळात जॅक्सन मैदानात उतरले आणि सुमारे २५ हजार प्रेक्षकांकडून त्या सैन्याच्या आरोळ्या वदवून घेतल्या. शब्द मोठ्या पडद्यावर झळकत होते, लोक छाती बडवत, पाय आपटत होते. आपल्या अंगावर काटा आणणारं ते राक्षसांचं सैन्य म्हणजे तिकीट काढून मॅच बघायला आलेली साधी माणसं!

इतकं सगळं बसवायचं तर काहीतरी सोडावं लागणारच. टॉम बॉम्बाडिल हे अवलिया पात्र गेलं. बिल्बोची वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं घर सोडणं यांच्यात पुस्तकात सतरा वर्षं जातात. पडद्यावर ती जाणवतसुद्धा नाहीत. जखमी फ्रोडोला घोडा देऊन वाचवणाऱ्या ग्लोरफिन्डेल या एल्फची जागा एल्रॉन्डची मुलगी आर्वेन हिने घेतली. तिची प्रेमकथा टोल्कीननी मुख्यतः परिशिष्टात ठेवलेली. ती उचलून मधोमध आणली. डोंगरमाथ्यांवर एकामागून एक पेटणाऱ्या इशाऱ्याच्या आगी पुस्तकात गॅन्डाल्फ आणि पिपिन हा हॉबिट दौडत्या घोड्यावरून बघतात, आणि काही ओळींत प्रसंग संपतो. चित्रपटात त्याच आगी न्यूझीलंडच्या बर्फाळ शिखरांवर एकेक करून उजळत जातात आणि थिएटरातला माणूस खुर्चीत ताठ होऊन बसतो.

वाचलेल्यांना सगळ्यात जास्त झोंबला तो फॅरामिर या माणसांच्या सेनानीत केलेला बदल. पुस्तकातला फॅरामिर अंगठीचा मोह सहज बाजूला सारतो. चित्रपटात तो डगमगतो आणि फ्रोडोला कैद करून नेतो. पटकथाकारांनी दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. दोन चित्रपट आम्ही सांगतोय की या अंगठीपुढे कुणाचाच टिकाव लागत नाही. मग एक जण सहजपणे 'नको' म्हणाला, तर प्रेक्षकाच्या लेखी अंगठीची भीती तिथेच संपेल. वाचकाचा फॅरामिर त्यांनी दुखावला, पण न वाचलेल्याची भीती शाबूत ठेवली.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. टोल्कीन ऑक्सफर्डचे प्राध्यापक, भाषांचे अभ्यासक. त्यांनी आधी भाषा रचल्या, आणि त्या बोलणारी माणसं, त्यांचा इतिहास, त्यांची गाणी मागून आली. म्हणून पुस्तकातलं प्रत्येक नाव, प्रत्येक पडका बुरूज यांच्यामागे काहीतरी आहे असं जाणवत राहतं. सव्वानऊ तासांत हे सांगायला वेळ कुठला? चित्रपटवाल्यांनी ती खोली वस्तूंमध्ये भरली. माटामाटाजवळच्या मेंढ्यांच्या फार्मवर हॉबिटांचं गाव वसवलं, तर तिथला भाजीपाला आणि फुलझाडं चित्रीकरणाच्या वर्षभर आधी लावली, म्हणजे गाव कालपरवा उभं केल्यासारखं दिसू नये. साखळी-चिलखतांसाठी प्लास्टिकच्या नळ्या कापून एक कोटीहून जास्त कड्या हाताने गुंफल्या. थिओडेन राजाच्या चिलखताला तर आतून, अंगाकडच्या बाजूलाही नक्षी होती. कॅमेऱ्याला ती कधीच दिसणार नव्हती; दिसली ती फक्त ते चिलखत अंगावर चढवणाऱ्या नटाला. पण तो नट राजासारखा उभा राहिला आणि ते मात्र आपल्याला दिसतं. न सांगितलेला इतिहास असा झिरपत झिरपत आपल्यापर्यंत पोचतो.

म्हणून 'पुस्तक न वाचता पिक्चर बघितला?' असं कुणी नाक मुरडून विचारलं तर खजील होऊ नका. आपल्यातल्या किती जणांनी वाल्मीकी रामायण मुळातून वाचलंय? आजीच्या तोंडून, कीर्तनातून, गीतरामायणातून ते आपल्या अंगात भिनलं. योगायोग असा, की टोल्कीन यांच्या कादंबरीचा तिसरा खंड ऑक्टोबर १९५५मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, त्याच दिवसांत पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायण घुमत होतं.

उलट न वाचलेल्याकडे एक दौलत आहे आणि ती एकदाच खर्चता येते. मोरियाच्या पुलावर गॅन्डाल्फ कोसळतो तेव्हा वाचलेला माणूस जॅक्सननी हे कसं जमवलंय ते बघत असतो. न वाचलेल्याच्या पायाखालचा पूल खरोखर खचतो.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. वाचलं नसेल तर आधी बेधडक चित्रपट बघा, तिन्ही, क्रमाने, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर. आणि मग पुस्तक उघडाच. मराठीतच वाचायचं असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहे. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे अशा भ्रमात मात्र राहू नका. अंगठी नष्ट झाल्यावरही पुस्तकात सहा प्रकरणं उरतात. त्यांतल्या एकात हॉबिट घरी परततात आणि त्यांचं शायर गुंडांनी बळकावलेलं असतं, झाडं तोडलेली असतात. ती शेवटची लढाई त्यांना गॅन्डाल्फशिवाय, आपल्याच गल्लीबोळांत लढावी लागते. ती लढाई चित्रपटात नाही. ती टोल्कीननी फक्त वाचणाऱ्यांसाठी ठेवलीय.